बडोद्यातील चार वर्षे आणि जस्ताचा एक पत्रा

माझे वडील सांगलीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून स्टिकमध्ये जुळवायचे, ओळ भरली की ती गॅलीत सरकवायची, मजकूर दोऱ्याने घट्ट बांधायचा आणि पहिला कागद काढून तो तपासायचा, असे त्यांचे तीस वर्षांचे काम. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे उलटा मजकूर त्यांना सुलट्याइतकाच सहज वाचता येई, आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून बसून तो मलाही वाचता येऊ लागला. पुढे ऑफसेट आणि संगणक आले, लग्नपत्रिकांची आणि बिलबुकांची कामे तिकडे गेली, छापखाना बंद झाला आणि खिळे वजनावर विकले गेले. मी त्या वर्षी दहावीत होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चार वर्षे मी जे शिकले त्याची सुरुवात त्या स्टुलावर झाली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. म्हणून हे लेखनही तिथूनच सुरू करते.

बडोद्याचे नाव आमच्या घरात आणले ते शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत मला ए श्रेणी मिळाली होती आणि मुंबईला किंवा कोल्हापूरला जावे असेच सगळे सुचवीत होते. सरांचे म्हणणे वेगळे होते. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे 1950 साली बडोद्याला गेले आणि त्यांनी तिथला चित्रकला विभाग उभा केला, ही गोष्ट ते आम्हांला फार आपुलकीने सांगत. कलेचे शिक्षण विद्यापीठात, पदवीच्या दर्जाने आणि कलेच्या इतिहासाच्या अभ्यासासह द्यायचे, ही त्या काळी आपल्याकडे नवी कल्पना होती आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असताना ती प्रत्यक्षात आली. सरांचा दुसरा मुद्दा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जास्त पटला. ते शासकीय विद्यापीठ आहे, तिथले शुल्क तुमच्या घराला झेपेल, असे सरांनी सांगितले. त्या एका वाक्यावर माझे जाणे ठरले. सार्वजनिक विद्यापीठ नसते तर मी कलेचे शिक्षण घेतले नसते, हे मी आजही कोणापुढेही सांगते.

प्रवेशासाठी चाचणी होती. एका दालनात मध्यभागी चौरंगावर घागर, दोरीचे वेटोळे, दोन विटा आणि एक चुरगळलेले कापड मांडलेले होते आणि भोवती आम्ही सगळे गुडघ्यावर बोर्ड घेऊन बसलो होतो. माझे रेखाटन वेळेआधी पूर्ण झाले, छाया चोख उतरली आणि मी समाधानाने पेन्सिल खाली ठेवली. शेजारच्या मुलीने नुसते कापडच काढले होते, तेही अर्धे. मुलाखतीत परीक्षकांनी माझ्या रेखाटनाबद्दल फारसे विचारले नाही. घरी काय करतात, असे विचारले. मी छापखान्याची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांतल्या एकांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, 'तुझे नाव उलटे लिहून दाखव.' मी देवनागरीत ते सरळ लिहावे तितक्या वेगाने लिहिले. ते कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. आठवड्याभराने निवड झाल्याचे कळले. त्या शेजारच्या मुलीचीही निवड झाली होती.

पहिले वर्ष बहुतेक सगळे हात मोकळा होण्यात गेले. माती, लाकूड, रंग, छाप अशा सगळ्या कामांची ओळख त्या वर्षी करून दिली जाई आणि त्याच्या जोडीला रोजची रेखाटने असत. पुष्पबागेतले आमचे आवार रेल्वे स्थानकापासून जवळ होते, त्यामुळे पहाटे फलाटावर जाऊन बसायचे आणि गाडीची वाट पाहणारी माणसे काढायची हा आमचा परिपाठच झाला. फलाटावरचा माणूस आपल्यासाठी थांबत नाही. बोचक्यावर डोके ठेवून झोपलेली बाई कूस बदलते, हमाल उठून चालू लागतो, आणि कागदावर एक खांदा आणि अर्धी पाठ एवढेच उरते. तशी पंचवीस-तीस रेखाटने रोज तिथल्या सरांपुढे ठेवायची असत. सुरुवातीला मी खोलीवर येऊन ती पूर्ण करी, राहिलेले हात-पाय आठवून भरी. एके दिवशी सरांनी वहीतली सात पाने उलटली आणि विचारले, 'हा हात तू पाहिलास का?' मी नाही म्हणाले. त्यांनी पेन्सिलीने त्या हातावर एक बारीक फुली मारली आणि पान उलटले. श्रेणी परीक्षांनी मला चित्र पूर्ण करायला शिकवले होते. न पाहिलेले न काढण्याची शिस्त मला इथे लागली आणि ती लागायला जवळजवळ सहा महिने गेले.

कमाटीबागेतही आम्ही जात असू. सयाजीबाग हे तिचे नाव, पण बडोद्यात तिला सगळे कमाटीबागच म्हणतात. तिथल्या संग्रहालयात बडोद्याजवळच्या अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. त्यांच्यासमोर बसून रेखाटन करताना मूर्तीच्या पाठीमागची बाजू कशी असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. पुलापलीकडे कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचे स्मारक आहे. तिथे चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चार भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातले युद्ध आणि टागोरांचे नाटक 'नटीर पूजा' असे त्यांचे विषय आहेत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा तर मराठी माणसाने मुद्दाम पाहावा असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या भिंती कृष्णकथांनी, लढायांनी आणि रोजच्या जीवनातल्या प्रसंगांनी भरलेल्या आहेत. पगडी घातलेले, अंगरख्यातले ते पुरुष आणि नऊवारीतल्या त्या बायका पाहताना परक्या शहरात आल्याची माझी भावना प्रथमच सैल झाली.

कलेच्या इतिहासाचा तास मात्र मला जड गेला. अंधाऱ्या खोलीत पारदर्शिका एकामागून एक येत आणि शिक्षक इंग्रजीत बोलत. मी मराठी माध्यमातून आलेली. पहिल्या सत्रात माझ्या वहीत शब्दांपेक्षा चित्रांचीच टिपणे जास्त होती. मग मी एक पद्धत बसवली. पडद्यावर जे दिसते त्याचे वर्णन आधी मराठीत लिहायचे, रात्री ते इंग्रजीत करायचे आणि अडलेल्या जागा दुसऱ्या दिवशी विचारायच्या. शिक्षकांना ही पद्धत कळल्यावर त्यांनी मला तोंडी परीक्षेत हिंदीत बोलायची मुभा दिली आणि मराठी वह्याही पाहायला मागितल्या. 'चित्रात काय आहे' हे आपल्या भाषेत नेमके सांगता आले की त्याच्या भोवतीचा विचार परक्या भाषेतही सापडतो, असा माझा अनुभव आहे. जे शिल्प करतात, जे छाप काढतात, त्या सगळ्यांनी इतिहासही शिकायचा, ही तिथली पद्धत मला आज फार मोलाची वाटते, कारण त्या अंधाऱ्या खोलीत पाहिलेले पुढे कामाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा भेटत राहिले.

विभाग निवडायची वेळ आली तेव्हा मी ग्राफिक्स, म्हणजे छापचित्रण, निवडले. मैत्रिणींना आश्चर्य वाटले, कारण चित्रकलेकडे ओढा जास्त असतो. पण त्या कार्यशाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा शाईचा आणि रॉकेलचा वास आला आणि क्षणभर मला आपण सांगलीत उभे आहोत असे वाटले. तिथे भिंतीवर सुकत लावलेल्या छापांच्या ओळी होत्या, चुनखडीचे जाड लिथोग्राफीचे दगड एकावर एक रचलेले होते आणि मधोमध मोठ्या चाकाचा एचिंगचा प्रेस होता. ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंताने याच परिसरात छापचित्रणाचे काम केले आणि गावोगाव हिंडून रांगोळ्यांची, भिंतीवरच्या चित्रांची छायाचित्रे काढून ठेवली. त्यामुळे छाप ही हलकी कला आहे अशी भावना तिथे कोणाच्याही मनात नव्हती. दाराशी बसणारे काका कार्यशाळेची देखभाल करीत. कोणता प्रेस किती दाबायचा, प्रेसमध्ये कागदावर घालायचे कोणते ब्लँकेट कधी बदलायचे, हे त्यांना हातांनी कळत असे. 'उतावळ ना करो, बेन,' हे त्यांचे वाक्य मी चार वर्षांत किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही.

एचिंगचे, म्हणजे ॲसिडने धातूत रेषा कोरून छाप काढण्याचे काम वाचकांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. जस्ताचा पत्रा घ्यायचा, त्याच्या कडा कानसीने तिरक्या घासायच्या, म्हणजे दाबाखाली त्या कागद कापत नाहीत. मग खडूची पूड लावून पत्रा असा घासायचा की त्यावर पाणी ओतले तर ते कुठेही थेंबाथेंबाने न फुटता सलग पसरले पाहिजे. बोटाचा एक तेलकट ठसा राहिला तरी तिथे काम बिघडते. त्यावर डांबर, मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. याला ग्राउंड म्हणतात. तो वाळला की सुईने रेषा ओढायची. सुई जिथे जाईल तिथे थर निघतो आणि खालचे जस्त उघडे पडते. पत्र्याच्या पाठीला वार्निश लावून तो पाणी मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडच्या तबकात ठेवला की उघड्या रेषांवर बारीक बुडबुडे धरतात. ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच झटकत राहायचे असतात, नाहीतर रेषा सारखी खात नाही. फिकट हव्या असलेल्या रेषांवर मधूनच वार्निश लावून त्या थांबवायच्या आणि बाकीच्या पुढे खाऊ द्यायच्या. सपाट करडी छटा हवी असेल तर राळेची पूड पत्र्यावर धुळीसारखी बसवून खालून उष्णता द्यायची. पांढुरकी पूड वितळून पारदर्शक झाली की तो क्षण पकडायचा आणि पत्रा बाजूला काढायचा. शेवटी थर रॉकेलने पुसून टाकायचा, शाई भरायची, जाळीच्या कापडाने आणि मग तळहाताने वरची शाई पुसायची, टिपकागदांत दमट करून ठेवलेला कागद वर ठेवायचा आणि चाक फिरवायचे.

अण्णांच्या छापखान्यातही जस्त होते. चित्रांचे ब्लॉक जस्ताचेच असत. परंतु तिथे वर आलेला भाग शाई घेतो आणि इथे खाली खोल गेलेली रेषा शाई धरून ठेवते. दमट कागद दाबाखाली त्या खोलीत उतरतो आणि शाई उचलून आणतो. हा फरक पहिल्या दिवशी समजला तरी बोटांत उतरायला वर्ष लागले. बाकी एका बाबतीत मला वर्गात सगळ्यांपेक्षा सोपे गेले. पत्र्यावर काढलेले चित्र छापात उलटे येते आणि इतरांना दर वेळी आरशात पाहून रेखाटन तपासावे लागे. मला आरसा लागत नव्हता.

वसतिगृहात माझ्या खोलीत जळगावची एक मुलगी होती. ती भरतनाट्यम शिकत होती. नृत्य, संगीत आणि नाट्य यांची शाखा आमच्या आवारात नाही. ती सूरसागर तलावाच्या काठी आहे आणि जुने बडोदेकर तिला अजूनही म्युझिक कॉलेज म्हणतात. सयाजीरावांनी 1886 साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू केली तिची ही परंपरा. 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांच्या पुढाकाराने याच शहरात भरली होती. तंजावरचे नृत्य गुजरातेत कसे आले हे मात्र मला माहीत नव्हते, ते या मैत्रिणीने सांगितले. सयाजीरावांचा 1880 साली तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या राजकन्येशी विवाह झाला. त्या बडोद्यात चिमणाबाई झाल्या. त्यांच्या विवाहाबरोबर तंजावरचे नर्तकी-वादकांचे पथक बडोद्याच्या दरबारी आले. त्या पथकातल्या कांतिमती आणि अप्पास्वामी यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच विद्यापीठात नृत्य शिकवले. कावेरीकाठच्या मराठी घराण्यातून आलेले हे धन विश्वामित्रीच्या काठी रुजले, आणि ते शिकायला खानदेशातली मुलगी आली, याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते.

ती सकाळी तयार होत असताना मी तिचे पाय पाहत असे. टाचेची कातडी जाड आणि भेगाळलेली होती, तळव्याच्या पुढच्या भागाला घट्टे पडले होते. एकदा मी तिच्या गुरूंची परवानगी काढून वर्गात रेखाटनासाठी बसले. गुरू जमिनीवर बसून लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देत होत्या आणि तोंडाने बोल म्हणत होत्या, 'तैय्या तै'. मुली अरमंडीत, म्हणजे गुडघे दोन्ही बाजूंना उघडून अर्धे बसून, एकच अडवू, म्हणजे पदन्यासाचा मूळ घटक, तीन लयींत करीत होत्या. पहिल्या लयीत मला पाय काढता आला, दुसऱ्या लयीत फक्त गुडघा, तिसऱ्या लयीत कागदावर काहीच राहिले नाही. मी दोन महिने दर बुधवारी सायकलवरून काळाघोड्याचा पूल ओलांडून तिथे जात राहिले. दोन्ही ठिकाणी एकाच विद्यापीठाची विद्यार्थिनी असल्यामुळे मला कोणी अडवले नाही. विद्यापीठ मोठे असण्याचा मला झालेला सगळ्यांत मोठा लाभ हाच. सूरसागरच्या वर्गात मी नृत्य शिकले नाही, पण वजन कुठे पडते ते पाहायला शिकले.

तिसऱ्या वर्षी मी त्या पायांचा पत्रा करायला घेतला. दीड फूट लांब, एक फूट रुंद, आठ जोड्या पाय आणि कडेने उलट्या देवनागरीत बोल. पहिला छाप निघाला तो मला आवडला. सरांनी तो भिंतीवर लावला, खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, 'पाय दिसतात. जमीन दिसत नाही.' त्यापुढे ते काही बोलले नाहीत. मी साडीची जमीन, चित्राची जमीन असे शब्द लहानपणापासून ऐकत आले होते. पत्र्यावरच्या त्या मेणाच्या थरालाही ग्राउंडच म्हणतात. परंतु नाचणाऱ्या पायाला जमीन परत ढकलते आणि ती ढकल दिसली नाही तर पाय अधांतरी राहतो, हे माझ्या रेषेत नव्हते. राळेने खाली सपाट करडी छटा द्यावी असे मी ठरवले, कारण दुसरे काही सुचत नव्हते.

ती छटा देण्याच्या दिवशीच माझ्या हातून चूक झाली. पाय झाकण्यासाठी लावलेले वार्निश पुरते वाळण्याआधी मी पत्रा ॲसिडमध्ये सोडला, आणि शेजारच्या टेबलावर एका मुलीला कागद दमट करायला मदत करीत उभी राहिले. परत आले तेव्हा वार्निश जागोजाग सुटले होते, तबकातून तपकिरी वाफ येत होती आणि पायांच्या रेषा खाऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. पत्रा पाण्याखाली धरून मी रडले. काकांनी आधी खिडक्या उघडल्या, मला बाहेर बसवले आणि मग तो पत्रा हातात घेऊन त्यावर अंगठा फिरवला. 'छाप काढून बघ,' ते म्हणाले. छाप काढला. काळा चिखल दिसत होता. नवा पत्रा घ्यायला महिनाअखेरपर्यंत पैसे नव्हते आणि त्याच पत्र्यावर काम करायचे म्हणजे जस्त खरवडून खोल रेषांच्या पातळीपर्यंत खाली आणायचे होते.

मी तीन आठवडे खरवडले. तीन धारांची पोलादी खरवडणी एका हातात तिरकी धरून बारीक चुरा काढत जायचे, मग गुळगुळीत बर्निशर थोड्या तेलावर घासून ती जागा दाबून काढायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी छाप काढून पाहायचा. प्रत्येक छापावर मी पेन्सिलीने क्रमांक आणि दिनांक लिहीत असे. असे अकरा टप्पे झाले. जिथे जस्त पूर्ण गुळगुळीत होई तिथे छापात उजेड येई, आणि जिथे जुन्या रेषेचा तळ उरलेला असे तिथे फिकट, पुसट पाय दिसत राही. पाचव्या-सहाव्या छापापासून मला कळू लागले की हे पुसट पाय म्हणजे मघाशी त्याच जागी पडून गेलेली पावले आहेत. वर्गातल्या फरशीवर वर्षानुवर्षे त्याच त्याच जागी पाय पडून जो गुळगुळीतपणा आला होता तो मी पाहिला होता, पण काढला नव्हता. त्यानंतर मी ठरवून खरवडू लागले. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे आता मला दिसत होते. वरचे पाय नव्याने, कमी संख्येने, तीनच जोड्या, खोल रेषेत काढले आणि त्या रेषा मुद्दाम जास्त वेळ खाऊ दिल्या. अकरावा छाप सरांनी भिंतीवर लावला, पुन्हा खुर्ची ओढली आणि या वेळी ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी कागदाच्या आकाराबद्दल विचारले. मी समजले.

त्या काळात इतरही पुष्कळ काही चालू होते, पण ते थोडक्यात सांगते. नवरात्रात आमच्या आवारात गरबा होई आणि नऊ रात्री कार्यशाळेतली माणसे तिथे येत. आमच्या वेळी फाइन आर्ट्स फेअरही भरला. 1961 पासून चालत आलेला हा मेळा. त्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मातीची भांडी, छापलेली कापडे बनवतात आणि लोकांना विकतात. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी अशा मेळ्यांसाठी केलेल्या खेळण्यांची हकीकत आम्हांला सगळेच सांगत. मी लाकडी ठोकळ्यांवरून लहान छाप काढले, त्यावर उलटे अक्षर असलेला ठोकळाही सोबत ठेवला, आणि मुले तो हातात घेऊन अक्षर ओळखण्याचा प्रयत्न करीत. आई-वडील मुलांना घेऊन येतात, रिक्षावाले येतात, भाजी घेऊन घरी निघालेल्या बायका येतात, कोणी घासाघीस करते. आपली वस्तू कोणाच्या घरी जाणार हे समोर उभे राहून पाहणे, हा शिक्षणाचाच भाग आहे असे मला त्या दिवसांत पटले.

शेवटच्या वर्षाच्या अखेरीस वार्षिक प्रदर्शन असते. वर्षभर जिथे काम केले त्याच खोल्या मोकळ्या करायच्या, भिंतींना आपल्याच हातांनी पांढरा रंग द्यायचा आणि काम मांडायचे. त्यानंतर परीक्षकही तेच पाहतात आणि गावही तेच पाहते. प्रेस दोनच होते आणि छापायचे सगळ्यांना होते, म्हणून आम्ही फळ्यावर तासांची वाटणी केली. पहाटे चार ते सहा ही वेळ मी मागून घेतली, कारण तेव्हा हवेत गारवा असतो आणि कागदाचा दमटपणा टिकतो. त्या पत्र्याच्या दहा प्रती मी काढल्या. प्रत्येक प्रतीच्या खाली डाव्या कोपऱ्यात क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही, सगळे पेन्सिलीने. शाई भरायला मला तीन तास दिले असते तरी हात थकला नसता. शेजारी कोणी नसताना चाक फिरवायला एक माणूस लागतो. त्या पहाटे काका नेहमीपेक्षा दोन तास लवकर आले. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आले. रात्रीच्या गाडीने पुण्याहून बसून, दुपारच्या उन्हात, धोतर आणि पांढरी टोपी अशा वेशात. त्यांनी आधी कार्यशाळेतला प्रेस पाहिला, चाकाला हात लावला आणि 'जड हाय,' एवढेच म्हणाले. मग माझ्या भिंतीपाशी आले. मी छापाच्या खाली टेबलावर तो पत्रा ठेवला होता; त्यांनी छापाकडे पाहिलेच नाही, पत्रा उचलला, खिडकीच्या उजेडाला तिरका धरला आणि कडेने लिहिलेले बोल उलटेच वाचत गेले. 'तै य्या तै... हे काय लिवलंयस?' मी सांगितले. मैत्रीण तिथेच होती. तिने जागेवरच अरमंडीत उभे राहून एक अडवू करून दाखवला. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिले, मग पुन्हा पत्र्याकडे.

त्यानंतर त्यांनी भिंतीवरचा छाप काढून मागितला. त्यांनी तो उलटा केला आणि पाठीवरून तर्जनी फिरवू लागले. छापखान्यात पहिला कागद हातात आला की ते असेच करीत असत, दाब बरोबर बसला का हे बोटाने तपासत. खिळ्याचा दाब कागदाच्या पाठीवर अक्षराच्या आकाराचा उंचवटा आणतो. त्यांचे बोट तो उंचवटा शोधत होते. पाठीवर पत्र्याच्या कडेचा चौकोन त्यांना लागला, आणि मग त्या खोल खाल्लेल्या रेषा लागल्या. ते थांबले, बोट परत मागे नेले.

'आपल्यात अक्षर मागनं वर येतंय,' ते म्हणाले. 'हितं आत गेलंय.'

मी त्यांना कागद सुलटा करून दिला आणि रेषेवर बोट ठेवायला सांगितले. समोरून ती रेषा किंचित उचललेली लागते, शाईसकट. त्यांनी डोळे मिटून ते बोट एका पायाच्या टाचेपासून चवड्यापर्यंत नेले. मग खिशातला रुमाल काढून बोट पुसले, जरी शाई कधीच वाळली होती, आणि छाप पुन्हा भिंतीवर लावताना तो काटकोनात आला की नाही हे एक पाऊल मागे सरून, मान कलती करून, त्यांनी दोनदा तपासले.